कूलरचं औषध

आमच्या घरातून रिकामं भांडं कधी परत जात नाही. शेजारणीच्या वाटीतून लोणचं आलं, की वाटी धुऊन-पुसून तिच्यात निदान मूठभर शेंगदाणे तरी घालून द्यायचे. पांढरकवड्यात ही रीत सगळ्यांच्याच घरची. तिचा आमच्या दवाखान्याशी कधी संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं.

माझे यजमान डॉक्टर. दवाखाना घराच्याच पुढच्या खोल्यांत. औषध कंपन्यांचे एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, पेनं, घड्याळं, डिनर सेट घेऊन यायचे आणि आमचे साहेब सगळं हसत हसत परत करायचे. इतर डॉक्टरांच्या बायका कंपन्यांच्या खर्चाने सिंगापूर बघून आल्या. मी आपली राजूरला बहिणीकडे जाऊन यायची. मला राग यायचा. का नाही येणार?

त्या एमआरांमध्ये एक वणीचा मुलगा होता, मेकॅनिकचा पोरगा, घराण्यात पहिलाच टाय लावणारा. बॅग खाली ठेवायच्या आधी "भाभीजी, पानी" म्हणत हक्काने स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा. मला तो फार आवडायचा. एका उन्हाळ्यात त्याने कंपनीकडून कूलर आणला.

"सर, तुमच्यासाठी नाही, पेशंटसाठी आहे. तुम्ही नाही म्हणसान त माही नोकरी पक्की होत नाही," त्याने सरळ सांगून टाकलं.

बाहेर बाकावर माणसं घामाने निथळत होती. मीच म्हटलं, "घ्या हो. लोकांच्या अंगाला वारा लागेल, त्यात कसलं आलंय पाप?" डॉक्टरांनी घेतला, पण औषध गरज असेल त्यालाच लिहीन, असं त्याला बजावलं. कूलरवर कंपनीच्या टॉनिकचं नाव मोठ्या लाल अक्षरांत होतं.

डॉक्टर ते क्वचितच लिहीत. तरी शेजारच्या मेडिकलमधून ते भराभर खपायला लागलं. पोरगा खूश, कंपनी खूश, आणि आम्हाला काही उमगेना.

मग एक दिवस शेतात कापसाच्या पऱ्हाट्या उपटणारी एक बाई चक्कर येऊन पडली म्हणून आणली. ब्लड प्रेशरची जुनी पेशंट. प्रेशर फार वाढलेलं.

"गोळ्या काहून बंद केल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने पिशवीतून टॉनिकची बाटली काढली. "दोन्ही कुठून घेऊ, डॉक्टरसाहेब? हे घेतलं."

"हे कोणी लिहून दिलं?"

"लिहून कायले द्या लागते? कूलरवर नाव आहे ना. कंपनीनं फुकट देल्ला म्हणते. त्यायचा एवढा वारा खाऊन राह्यलो आमी, त्यायचं काही घ्याले नोको? सगळ्याच बाया घेऊन राह्यल्या."

कापसाचं वाटोळं झालेली ती वर्षं. मजुरीचेही वांधे होते. तरी या बायांनी कंपनीची वाटी रिकामी परत जाऊ दिली नव्हती. मला रडूच आलं.

डॉक्टरांनी तिला त्या दिवशी घरी जाऊ दिलं नाही. प्रेशर उतरलं, तेव्हा त्यांनी त्या एमआर पोराला फोन करून कूलर न्यायला बोलावलं. तो टेम्पो घेऊन आला, सगळं ऐकलं आणि खाली बघत म्हणाला, "माही माय असती त तिनंबी घेतलं असतं." मग एका बाजूने त्याने आणि दुसऱ्या बाजूने डॉक्टरांनी कूलर उचलला. मी त्याला वाटेत खायला पोळ्या आणि तिळाच्या चटणीचा डबा दिला. दुसरं काय देणार होते?

त्याची नोकरी गेली. मी डॉक्टरांना बोलायचं बाकी ठेवलं नाही. "तुमचं तत्त्व राहिलं, पोरगा मात्र घरी बसला." बाकाजवळच्या खिडक्यांना आम्ही वाळ्याचे पडदे लावले आणि डॉक्टर स्वतःच बादली घेऊन ते भिजवायचे.

ईदच्या दिवशी तो आला. अंगात पांढरा कुर्ता, नखांत ग्रीस. बापाच्या गॅरेजमध्ये काम करत होता. हातात माझाच डबा, शीरखुर्म्याने भरलेला. त्याने तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि डॉक्टरांचा हात जुन्या सवयीने डबा मागे सारायला पुढे झाला.

"घ्या सर," तो म्हणाला. "आता तुमाले विकाले माह्याजवळ काहीच नाही."

डॉक्टरांनी त्याला खुर्ची दिली, मला चमचा मागितला आणि पेशंटांच्या देखत सगळा डबा संपवला.