कॉम्प्युटरात ठेवलेल्या ओव्या

आमचा कॉम्प्युटर बंद पडला तो दसऱ्याच्या दिवशी, पण बंद पडलाय हे आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. बटण दाबलं, आतला पंखा घरघरला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली. रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. पुढं लिहिलं होतं, कुठलीही की दाबा. मी एक दाबली. तीच ओळ पुन्हा खाली उमटली. दुसरी दाबली, परत तेच. शेवटी वैतागून अख्खा तळहात कीबोर्डवर ठेवला, तर पडदा त्याच ओळीनं वरपासून खालपर्यंत भरून गेला.

मी एका कंपनीत स्टोअरला आहे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, त्यामुळे कवठे येमाईत आमच्या वस्तीवर मला त्यातलं सगळं कळतं असा समज आहे. तो समज मी कधी खोडून काढला नाही, कारण गावात तेवढाच मान. खरं सांगायचं तर कंपनीत पडदा काळा झाला की मी फोन करतो आणि माणूस येईपर्यंत चहा पितो. इथं फोन कुणाला करायचा? मी बायकोवर खेकसलो, की कुणी हात लावला होता का याला. ती म्हणाली, "कोण लावतंय हात? मला वेळ हाय का? एकदा कानफाडीत देऊन बघा, टीव्हीला देता तशी."

दारात आबा उभे होते.

आबा म्हणजे माझे वडील. आमची मेंढरं गेली त्याला बरीच वर्षं झाली, आता कांदा आणि थोडा ऊस, पण आबांची ओवी काही गेली नव्हती. बिरोबाच्या देवळात ते गायला बसले की आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं येऊन बसायची. मग गळ्यात गाठ आली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटी काढावी लागेल, जीव राहील. आबांनी ऐकून घेतलं, घरी आले आणि मला म्हणाले, "मोबाईल लाव. आत हाय तेवढं काढून ठिवू."

ऑपरेशनच्या आधी ते दुपारी मागच्या खोलीत बसून गायचे. बायको मिक्सर बंद ठेवायची, मी पंखा बंद करायचो, घामाघूम होऊन ऐकत बसायचो. मोबाईल भरला की सगळं कॉम्प्युटरात टाकायचं आणि मोबाईल रिकामा करायचा, असं चाललं होतं. मी एकदा म्हणालो की भावकीच्या ग्रुपवर टाकतो, सगळ्यांकडे राहील. आबा उखडले. "देवाची ओवी हाय ती. लोकं ती कुठं बी बसून ऐकत्यात. मोरीत ऐकत्यात, संडासात ऐकत्यात. घरातच राहू दे." देवाच्या बाबतीत आबांपुढं आमचं काही चालत नाही. ओव्या घरातच राहिल्या. कॉम्प्युटरात.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक राहिलं, त्यावर पांढरं फडकं. बोलणं सगळं खुणांनी. संध्याकाळी दिवा लागला की आबा कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसायचे आणि मी त्यांना त्यांचीच एक ओवी लावून द्यायचो. ते डोळे मिटून ऐकायचे. त्या वेळी घरातलं कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही.

दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या कामाच्या वस्तूंची पूजा होते. कोयता, खुरपं, मोटरसायकल, शेतातली मोटर, आणि हल्ली हा कॉम्प्युटरही. आबांनी हातांनी सांगितलं, चालू कर. देवाची पूजा देव जागा असताना करतात, झोपलेल्याची नाही. मी चालू केला, आबांच्याच आवाजातली ओवी लावली. आबांनी कॉम्प्युटरच्या डब्याला झेंडूची माळ घातली, भंडारा उधळला, टेबल पिवळंधमक झालं. मग नारळ घेतला आणि डब्याला टेकवून ठेवलेल्या दगडावर, तिथंच टेबलावर, जोरात फोडला. टेबल हललं. ओवी मध्येच तुटली, पडदा काळा झाला. आम्हाला वाटलं लाईट गेली. आमच्याकडे ती जातेच, दिवसाढवळ्या जाते, कुणी वर बघतसुद्धा नाही. आम्ही खोबरं वाटून खाल्लं आणि संध्याकाळी सोनं वाटायला गावात गेलो, त्या दिवशी ओवी ऐकायची राहिलीच.

तर दुसऱ्या दिवशी ती ओळ. आबा येऊन खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नाही, पण मला काही सुचत नाहीये हे त्यांनी वाचलं.

मग मी जे जे करता येईल ते केलं. वायरी काढून फुंकर मारून परत लावल्या. मोबाईलवर एका हिंदी माणसाचा व्हिडिओ लावला. तो सुरुवातीलाच म्हणाला, घबराइए मत. मी आणखी घाबरलो. कंपनीतल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, रॅम काढ आणि खोडरबरनं घास. खोडरबर शोधायला अर्धं घर उलथंपालथं केलं. घासली, लावली, बटण दाबलं. तीच ओळ. परत फोन. "चालू होताना एफ टू दाबत राहा, आत जा, हार्ड डिस्कचं नाव दिसतंय का बघ." आत निळा पडदा आला. जिथं नाव पाहिजे तिथं लिहिलं होतं, नॉट डिटेक्टेड. मी ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दुकानात ने रे बाबा. आन् सारखा चालू-बंद करू नको."

मला त्या यंत्राचा इतका राग आला की उचलून विहिरीत टाकावं. कांदा सडला तर वास येतो, मोटर जळली तर धूर येतो. हा डबा आहे तसा होता, दिवा लागत होता, पंखा फिरत होता, आणि आत आबा आहेत की नाहीत हे काही सांगत नव्हता.

शिरूरला नेताना आबा हट्टानं बरोबर आले. मोटरसायकलवर मागं बसले, डबा जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर धरला, कोकरू धरावं तसा. खड्डा आला की माझ्या पाठीवर थाप पडायची, हळू. स्टँडजवळच्या दुकानात पोचेपर्यंत माझी पाठ सुजायची बाकी होती.

दुकानदारानं डबा उघडला. आतून सगळं पिवळं. बोट लावलं तर चिकट. "तुम्ही भाजी केली का यात?" तो हसला. मीही हसलो, हसावं लागलं. त्यानं डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला लावली, कान जवळ नेला. मलाही ऐकवली. आतून टक, टक, टक असा आवाज येत होता, आणि थांबत होता, आणि परत येत होता.

"चालू असताना दणका बसला व्हता का कुठं?" त्यानं विचारलं. "आतली चकती खरवडली वाटतं. पाण्यानं असं होत न्हाई, दणक्यानं होतं."

मी तोंड उघडलं. आबा शेजारीच उभे होते. ते दुकानदाराकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते.

"न्हाई," मी म्हणालो. "आमच्याकडं लाईटीचा खेळ हाय. मधेच जाती, मधेच येती."

"मग लाईटनंच," तो म्हणाला, आणि आमच्या वायरमनला कधी न बघता त्याच्या नावानं बरंच काही बोलला. मी मान डोलावत राहिलो. आबांनी काउंटरवरची डिस्क उचलली आणि उपरण्याच्या टोकानं पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. दुकानदार म्हणाला, "आबा, राहू द्या, त्यानं काय व्हायचं न्हाई." त्यांनी पुसणं थांबवलं नाही.

डिस्क पुण्याला पाठवली. तिथं असलं काम करणारी माणसं आहेत म्हणे. रोज संध्याकाळी आबा टेबलासमोर बसायचे, मी म्हणायचो, अजून फोन नाही. मग एकदा फोन आला. काही निघत नाही. मी विचारलं, एकही नाही? अर्धी? एखादी ओळ? पलीकडचा माणूस चांगला होता. त्यानं दोनदा सॉरी म्हटलं.

शिरूरहून नवी डिस्क घालून डबा परत आणला. बटण दाबलं आणि कॉम्प्युटर चटकन सुरू झाला, पूर्वी कधी होत नव्हता इतक्या लवकर. निळा, स्वच्छ, रिकामा पडदा. आबा येऊन बसले. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं, "आबा, ओव्या गेल्या. एक बी राहिली न्हाई." मला वाटलं ते रडतील. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

आबांनी माझ्या खिशाकडे बोट केलं. मोबाईल. मी काढला. त्यांनी खूण केली, लाव.

मला काय करावं कळेना. मी लावला, लाल ठिपका सुरू झाला. आबांनी खुर्चीवरून उतरून माझ्यासमोर मांडी ठोकून बैठक घातली, डोळे मिटले आणि गायला लागले. ओठ हलत होते, मान फिरत होती, फडक्याआडून श्वास सूं सूं येत होता. आवाज नव्हता. मांडीवर ताल मात्र पडत होता, थप, थप, मध्ये विश्रांती, परत थप. पूर्ण ओवी म्हटली त्यांनी, शेवटापर्यंत, कपाळावर घाम येईपर्यंत. मी हात न हलवता मोबाईल धरून बसलो. थांबा म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती, आणि चालू ठेवणंही बघवत नव्हतं.

संपल्यावर त्यांनी खूण केली, ऐकव.

मी आवाज पूर्ण वाढवला. श्वास आणि थाप, एवढंच. आबा मान खाली घालून ऐकत होते. एका जागी त्यांनी झटकन हात वर केला. मी थांबवलं. मागं घे, ते बोटानं म्हणाले. मी मागं घेतलं. तीच जागा आली तशी त्यांनी नाखुशीनं मान हलवली, इथं चुकलं, आणि माझा हात धरून माझ्याच मांडीवर ती थाप बरोबर करून दाखवली. मग माझ्याकडे पाहिलं, कळलं का?

मला काही कळलं नव्हतं. मी म्हणालो, "व्हय आबा, कळलं."