ट्रॅक्टरमागं बांधलेला लग्नाचा तांदूळ

थोरल्या बहिणीचं लग्न वेल्ह्याकडं ठरलं तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मला शिकता यावं म्हणून तिनं चौथीतच शाळा सोडली आणि आईबरोबर भातलावणीला जाऊ लागली. तिचं लग्न आपल्याच दारात व्हावं, ही वडिलांची फार इच्छा, माझीही. पण व्याह्यांचा गुडघा दुखरा. त्यांनी निरोप धाडला, "टेम्पो दारापत्तूर येत असंल तर तुमच्याकडं, न्हाईतर आमच्याकडं."

आमची वाडी उत्रोलीच्या पुढं. वाटेत मधोमध एक धोंडा होता. बैलगाडी त्याला वळसा घालून जाई, टेम्पो जाण्यासारखा नव्हता. तरी वडिलांनी 'टेम्पो येईल' असं कळवून टाकलं आणि मांडवही घातला.

भोरकडं रस्त्याचं काम चालू होतं. तिथला छोटा ट्रॅक्टर वडिलांनी विनवून आणला. त्याला पुढं माती उचलायचं लोखंडी सूप होतं. ड्रायव्हरनं ते धोंड्याखाली घालून वर घेतलं, तर धोंडा राहिला जागेवर आणि ट्रॅक्टरचीच मागची चाकं अधांतरी झाली.

आमच्या लोकांना बैलगाडीची सवय. गाडी उलाळली की वर गेलेल्या टोकावर बसायचं, एवढंच ठाऊक. चुलते दोघा गड्यांना घेऊन धावले आणि ट्रॅक्टरच्या मागं लोंबकळले.

"उतरा, आबा!" ड्रायव्हर ओरडला. "सूप निसटलं तर मागचं दाणकन खाली यील. हाडं गोळा करत बसू का तुमची?"

"मग तूच सांग काय करायचं."

"मागं वजन पायजे, पर मानसांचं न्हाई. गच्च बांधता यील असं काय हाय का?"

मातीनं पोती भरावी, तर घरातलं रिकामं पोतं अन् पोतं उसवून मांडवाला शिवलेलं. भरलेली होती ती लग्नाच्या तांदळाची. वडिलांनी घरी येऊन तिकडं पाहिलं मात्र, आई पोत्यांपुढं येऊन उभी राहिली.

"तांदूळ मातीत सांडला तर वऱ्हाडाला काय वाढू? धोंडा?"

"अगं, वऱ्हाडच आलं न्हाई तर कुनाला वाढशील?"

आई बाजूला झाली. बांधायला नवे कासरेही तिनंच काढून दिले.

ट्रॅक्टरमागच्या नांगर जोडायच्या दांड्यांवर फळी टाकून पोती आवळली. आता चाकं भुईला धरून राहिली आणि धोंडा वीतभर उचलला गेला.

"आजून वर घे की," चुलते म्हणाले.

"कशाला? वर नेला की गाडी डुलती. खालनंच नेतो."

गोगलगायीच्या चालीनं त्यानं धोंडा ओढ्याकडेला नेऊन टाकला. तांदळाचा दाणाही सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाचा टेम्पो आला. मारुतीपाशी वाजंत्री सुरू झाली, तसे व्याही खाली उतरले आणि फेट्याचा शेमला उडवत सगळ्यांच्या पुढं नाचत निघाले. टेम्पो मागून रिकामा आला. वडील त्यांच्यासाठी खुर्ची धरून दारात उभे.

"इवाई, गुडघा?"

"आज कसला गुडघा! वाजिवनारं लई झ्याक हाईत तुमचं."

मांडवात बहीण खळखळून हसली. मावशी दटावू लागली, "अगं, नवरीनं एवढं हसू न्हाई."

"हसू द्या तिला," वडील म्हणाले. "आपल्या दारात हाय ती."