चिमटीतलं शिसं

"हात दाखव."

दाखवले. साहेबांनी आधी ग्लोव्हज काढायला लावले, मग हात पुढे करायला. पालथे. उताणे. तळवड्यातल्या आमच्या अन्न तपासणीच्या लॅबमधली अकरा माणसं बघत होती.

पालकाच्या नमुन्यात शिसं सापडलं होतं. दुसऱ्यांदा. त्याच पालकात दुसऱ्या लॅबला काही मिळालं नव्हतं. म्हणजे घाण आमच्याकडची. नमुना तयार करणारी मी. घरी माझ्या हातची पालकाची भाजी पोरं तोंडात घेत नाहीत, इथं तीच धुवायची, चिरायची, वाळवायची, दळायची, याचा मला पगार.

साहेब म्हणाले, "तुमच्या लोकांना कितीही शिकवा, हाताची घाण जात नाही."

तुमच्या लोकांना. कुणाच्या, ते सगळ्यांना कळलं. मलाही.

रजिस्टरात लिहिलं: 'कारण – मदतनीसाचे अस्वच्छ हात.' आणि मी म्हणाले, "सॉरी सर." त्या सॉरीची अजून लाज वाटते.

संध्याकाळी पिंपळे गुरवला घरी आले ती मोरीवरच बसले. तारेच्या घासणीनं हात घासत. नवरा म्हणाला, "अगं, सोलतेस का काय?"

थांबले. पन्नाशीची बाई, स्वच्छ हात घासत बसलेली. कुणाच्या सांगण्यावरून?

मग एकेक पायरी आठवली. डिस्टिल्ड पाण्यानं धुणं. स्टीलचा अंश उतरू नये म्हणून चिनी मातीची सुरी. ओव्हन. दळण. आणि शेवटी साहेब. रोज सकाळी मारुतीला जाऊन येणारे, स्वतःच्या बोटानं कपाळाला शेंदूर लावणारे. उघड्या हातानं पूड चिमटीत घ्यायचे, चोळून परत भांड्यात टाकायचे. "बारीक झालीय का बघतो."

ट्रेनिंगमध्ये त्यांनीच सांगितलं होतं, "बायकांनी कुंकू लावून आत यायचं नाही. शेंदरात तर शिसंच असतं."

दुसऱ्या दिवशी त्याच पालकाची पूड दोन बाटल्यांत भरली. एक साहेबांच्या चिमटीआधी, एक नंतर. शिसं मोजणाऱ्या मशीनवरच्या शेखभाईंना दिल्या. दुपारी ते हळूच म्हणाले, "ताई, पहिलीत काहीच नाही. दुसरीत आहे."

साहेबांनी कागद बघितला. दार लावून घेतलं. "जाऊ दे ना बाई. ती ओळ खोडतो मी."

"खोडू नका. तिच्याखाली खरं कारण लिहा. सही करा. आणि बाहेर येऊन वाचा."

"नोकरी नको झालीय का?"

"दोन्ही बाटल्यांतली अर्धी पूड राखून ठेवलीय, सर. दुसऱ्या लॅबला पाठवू?"

लिहिलं. अकरा जणांसमोर वाचलं. मी म्हणाले, "मागं ऐकू आलं नाही." परत वाचायला लावलं. मागं फक्त भिंत होती.

नंतर माफीही मागितली, एकट्यात. मी घेतली नाही. अपमान अकरा जणांत आणि माफी एकट्यात, हा हिशोब मला जमत नाही.

आता रोज सकाळी नमुन्यांच्या खोलीच्या दारात मी उभी असते. साहेब येतात.

"हात दाखवा, सर."

पालथे. उताणे.

ते रिटायर होईपर्यंत बघणार आहे. एक दिवस सोडणार नाही.