डाव्या हाताचा नारळ

आमदारांचे आभार मानायचे असतात ते उभं राहून, आणि नारळ द्यायचा तो उजव्या हाताने. मला यातलं काहीच जमण्यासारखं नव्हतं, तरी सत्कार करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पहिलं होतं.

माधवनगरला मी घरीच ब्लाउज शिवते. दोन्ही किडन्या गेल्यापासून आठवड्यातून तीनदा सांगलीला जाऊन डायलिसिसच्या मशीनवर चार-चार तास पडून असते. डायलिसिस सरकारी योजनेत बसतं. आटपाडीची माझी धाकटी बहीण किडनी द्यायला तयार आहे, तपासण्याही जुळल्यात. पण नवी किडनी टिकवायला जन्मभर गोळ्या लागतात, त्या योजनेत नाहीत आणि माझ्या शिलाईत भागणाऱ्याही नाहीत. त्या गोळ्या योजनेत आणणारं विधेयक विधानसभेत आलं आणि आमच्याकडच्या दोन आमदारांनी पाठिंबा दिला. एक सत्तेतले, एक विरोधातले. एरवी हे दोघे एका मांडवात जेवायला बसत नाहीत.

"ताई, किडनी माझी, ती घेणार तू," बहीण म्हणाली, "आन् आडलंय कुठं, तर मुंबईत! आसं आसतंय व्हय गं?"

आम्ही पेशंट लोकांनी सत्कार ठरवला. हॉल, फ्लेक्स, हार, फेटे, सगळं झालं. तारीख साहेबांच्या सोयीने मंगळवारची घेतली. मंगळवारी आम्ही निम्मेजण मशीनवर असतो, हे आमच्याच लोकांच्या डोक्यात आलं नाही. साहेब मिळतायत म्हटल्यावर आमच्याकडे लग्नाची तारीखसुद्धा सरकते.

"मावशी, एक दिवस मशीन पुढं ढकला की," साहेबांचा कार्यकर्ता म्हणाला. "एका दिवसानं काय होतंय?"

माझं टाळकंच सरकलं. "धाप लागती. हार घालता घालता मीच आडवी झाले, तर तो हार कुणाच्या गळ्यात घालणार तुमी? साहेबास्नी सांगा, आमी येत न्हाई. तुमीच वॉर्डात या."

आणि ते आले, दोघेही. दाराबाहेर चपला काढून आले, हे मी मुद्दाम सांगते. कार्यकर्ता सवयीने ओरडला, "उठा उठा, साहेब आले!" आठ खाटांवरून आठजण नुसते त्याच्याकडे बघत राहिलो. त्याचा चेहरा पडला. मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

माझ्या डाव्या हाताची शीर मागेच बंद पडली, म्हणून मशीनच्या सुया उजव्या हातात असतात. तो हलवायचा नाही. मी डाव्या हाताने नारळ उचलला.

"आवं मावशी, डावा हात!" कार्यकर्ता धावला. "आणा इकडं, मी देतो."

"हात लावू नका. आभार माझे हाईत."

विरोधातले आमदार वयस्कर होते. त्यांनी वाकून, दोन्ही हातांनी नारळ घेतला. मी म्हणाले, "साहेब, तुमी दोघांनी पाठिंबा दिला, मनापासनं आभार. आमच्यासाठी तिथं कोण बोलत न्हाई, तुमी बोलला. पण उपकार म्हणणार न्हाई मी. जगायचंय एवढंच मागतोय आमी. हा नारळ डाव्या हाताचा. विधेयक मंजूर करून आणा, उजव्या हातानं दुसरा देते, तोबी उभं राहून."

सत्तेतले साहेब हसले. "होईल मावशी. पण प्रक्रिया असते. वेळ लागतो थोडा."

माझ्या पायाशी बसलेली बहीण तेवढ्यात उठली. वॉर्डात उभी राहिलेली आमच्यातली ती एकटीच.

"वेळ लावू नका साहेब," ती म्हणाली. "माझी किडनी बी माझ्यासंगं म्हातारी व्हाय लागलीया."

फोटो काढायचा राहूनच गेला.