गोडाऊनमधलं कमी भरणारं सूत

सोलापुरातला मे महिना, सत्तरच्या दशकातला. आमच्या टॉवेल-चादरींच्या कारखान्यातलं सूत चोरीला जातंय याची मला पक्की खात्री पटली होती... आणि चोर कोण, तेही मी ठरवून टाकलं होतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी नुकताच परचेस आणि स्टोअर्सला लागलो होतो. बी.कॉम. झालेलो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा समज. परचेसमध्ये आहे म्हटलं की शेजारीपाजारी डोळा मारून म्हणायचे, "मग काय, मजा आहे की." खरेदीखात्यातला माणूस खाणारच, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं... मीही, फक्त स्वतःला सोडून.

माझा नियम साधा होता. जितकं सूत आत आलं, तितकंच बाहेर निघालं पाहिजे.

सूत यायचं दक्षिणेतल्या समुद्राकाठच्या एका गिरणीतून. उतरवून घेताना पाच किलोचा गठ्ठा बरोबर पाच किलो भरायचा. पंधरा दिवसांनी मागांवर पाठवताना मात्र दीडशे-दोनशे ग्रॅम कमी... आणि एखादाच नाही, सगळेच.

गोडाऊन सांभाळायचे नरसय्या अण्णा. घरी तेलुगू, कामावर सोलापुरी मराठी, वीस वर्षं सुतात काढलेली. फार कमी बोलायचे, आणि कमी बोलणारा माणूस मला त्या वयात लबाडच वाटायचा.

संध्याकाळी घरी जाताना, कुणी न सांगता, ते गेटवर पिशवी उलटी करून आणि डबा उघडून वॉचमनला दाखवायचे. म्हटलं, कशाला एवढा देखावा... चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

एके दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो, तर अण्णा गोडाऊनच्या फरशीवर पाणी शिंपडत होते. खिडक्यांना ओली पोती टांगलेली. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला... चोरलेल्या सुताचं वजन हा माणूस पाण्याने भरून काढतोय.

विचारलं काहीच नाही, थेट पाणी बंद करायला लावलं. अण्णा एवढंच म्हणाले, "साहेब, सूत तुटंल बगा." मी लक्ष दिलं नाही.

आठवडाभरात मागांवर धागे पटापट तुटायला लागले. विणकरांची ओरड सुरू झाली, वजन आणखी घटलं. तरी मला वाटलं, चोरी पकडली म्हणून हे सगळे मिळून मला धडा शिकवतायत.

मी मालकांना रिपोर्ट दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "सोमवारी बोलवू त्याला. खरं निघालं तर नारळ देऊ." वीस वर्षांची नोकरी, आणि मला मात्र मनातून आनंद झाला होता...

पुरावाही मी तयार ठेवला होता. मालकांच्या परवानगीने नव्या मालातला एक गठ्ठा पंधरा दिवस आधीच शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीवर आणला होता. खालच्या वाण्याकडे वजन केलं, बरोबर पाच किलो. मग कपाटात कुलूपबंद, आणि किल्ली जानव्याला.

सोमवारी हा गठ्ठा पाच किलोच भरणार, आणि अण्णांची बोलती बंद होणार... असा माझा बेत.

रविवारी सकाळी खात्री करायला गठ्ठा पुन्हा वाण्याकडे नेला. अडीचशे ग्रॅम कमी.

आधी वाण्याच्या वजनांवर संशय घेतला. त्याने बिचाऱ्याने एकेक वजन उलटं करून खालचे शिक्के दाखवले. मग... लिहायलाही लाज वाटते, पण बायकोवर घेतला. वर जाऊन विचारलं, "यातलं सूत वातींना काढलंस का?"

ती नुकतीच गच्चीवर कुरडया घालून आली होती, हाताला चीक तसाच. माझ्या जानव्याकडे बघून म्हणाली, "किल्ली तुमच्याकडे, आणि चोर मी का?" मग हात पुसून तिने गठ्ठा चाचपला. "अहो, खडखडीत वाळलंय हे. माझ्या कुरडया ओल्या असताना किती भरतात आणि वाळल्यावर किती, कधी बघितलंय का?"

मीही गठ्ठा हातात दाबून पाहिला. समुद्राकाठच्या दमट हवेतलं सूत, आणि सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन... वजन हवेत उडून जात होतं. ते तितकं उडू नये, सूत मऊ राहावं, म्हणून अण्णा दर उन्हाळ्यात पाणी मारत होते.

सोमवारी मालकांच्या पाठोपाठच आत शिरून रिपोर्ट परत मागून घेतला. मग गोडाऊनमध्ये जाऊन अण्णांना सगळं सांगितलं, हात जोडले. विचारलं, आधीच का नाही सांगितलंत?

"तुमी विचारलं कुटं साहेब? आनि मी आपनहून सांगितलो असतो, तर चोर कारनं सांगायलाय म्हनला असता की."

खरंच म्हणालो असतो.

पाणी पुन्हा सुरू झालं, धागे तुटायचे थांबले. पुढच्या खरेदीपासून आम्ही गिरणीशी वजनाबरोबर ओलाव्याचंही ठरवून घ्यायला लागलो. पुढे आयुष्यभर याच कामात राहिलो... माल कमी भरला की हाताखालचे लोक आधी कुणाचं तरी नाव घ्यायचे, तेव्हा मी आधी हवा, रस्ता आणि बांधणी बघायला लावायचो.

पण त्या सोमवारनंतर अण्णांनी गोडाऊन कधी एकट्याने उघडलं नाही. रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. "साहेब, चला. तुमच्यासमोर उघडतो."

किती वेळा सांगितलं, अण्णा, गरज नाही हो... ते हसायचे, आणि तसेच उभे राहायचे. रिटायर होईपर्यंत.

त्यांनी मला माफ केलं होतं, हे मला ठाऊक आहे. तरी त्या कुलपासमोर रोज माझी मान खाली जायची... परचेसचं काम मी तिथे शिकलो, अण्णांनी एक शब्दही न शिकवता.