ग्राफिक कार्डावरच्या तीन टोप्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दुकानातल्या मैत्रिणीला नाही. देवापुढे हात जोडतानाही या एका गोष्टीला बगल देऊनच जोडले आहेत. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा कारण वगैरे काही नसेल — आता पोटात मावत नाही, एवढंच.

मी भिंगारला राहते आणि नगरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात काम करते. नऊ वर्षं झाली. मशीन जोडायचं काम माझ्याकडे. क्लासची, पतसंस्थांची, हिशेबनिसांची साधी मशीन शेकड्यांनी जोडली. आणि त्यातली सात वर्षं माझ्या फोनमध्ये एक यादी होती — माझ्या स्वतःच्या मशीनची. खेळायच्या मशीनची. हो, मला खेळायला आवडतं. चौतिशीतल्या, एका मुलीच्या आईला बंदूक घेऊन पडद्यावर पळायला आवडतं, यात हसण्यासारखं काय आहे? पण लोक हसतात, म्हणून मी तेही फारसं सांगत नाही.

ती यादी म्हणजे माझा जीव. नवीन प्रोसेसर आला की जुना खोडायचा, रॅमचा भाव उतरला की वाचलेले पैसे ग्राफिक कार्डाकडे वळवायचे. हे कार्ड म्हणजे खेळातलं चित्र रंगवणारा भाग. सगळे कष्ट त्याचे, म्हणून बजेटचा निम्मा पैसाही त्याचाच. नवखे लोक रंगीत दिव्यांवर आणि काचेच्या कॅबिनेटवर खर्च करतात आणि पॉवर सप्लाय मात्र हलका घेतात. माझ्या यादीत असली चूक नव्हती. फक्त पैसे नव्हते. दर वेळी थोडे साठायचे आणि दर वेळी घरात दुसरं काहीतरी निघायचं. मी कुरकुर केली नाही. यादी तेवढी पुन्हा नव्याने केली.

आणि मग सोमनाथ आला.

सोमनाथ माझा मामेभाऊ, घोडेगावचा. तेव्हा बावीस वर्षांचा. मामा तिथल्या बाजारात म्हशींचा व्यापारी — चालणाऱ्या म्हशीकडे नुसतं बघून ती किती वेताची, म्हणजे किती वेळा व्यालेली, ते सांगणारा माणूस. सोमनाथला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. जनावर अंगावर आलं की हा चार पावलं मागे. बाजारात बापाची मान खाली घालणारा पोरगा, असंच सगळे म्हणायचे. पण मोबाईलवरच्या खेळात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पुण्याच्या एका टीमने त्याचं खेळणं पाहिलं आणि निरोप पाठवला : दीड महिन्याने निवड आहे, पण ती मोबाईलवर नाही, कॉम्प्युटरवर. घेतलं तर पगार, राहायला खोली. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला ये म्हणालं होतं.

मामाने म्हशी विकल्या का, पैसे कुठून आणले, मी विचारलं नाही. दोन लाखांपर्यंत जाऊ म्हणाला. दुकानात आला आणि आमच्या मालकांचा हात धरून त्यावर आपला रुमाल टाकला — बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात ना, तसा ग्राफिक कार्डाचा भाव ठरवायला! मालक गांगरले. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मामाही हसला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मला यातलं काय कळतंय? ही भाची हाय माझी. तिनं पारखलं म्हंजी मी पारखलं."

मी त्याला कुठली यादी दिली असेल? माझीच दिली. सात वर्षांची, एकूण एक भाग तोच. वाईट यादी देता आली असती, हे मनात आलं नाही असं नाही. पण माझा अभिमान आडवा आला. माझ्या हातून चुकीचा पॉवर सप्लाय निवडला गेला असं कुणी म्हणू नये, म्हणून मी त्याला उत्तम मशीन निवडून दिलं. बघा, तिथेही सोमनाथचा विचार नव्हताच.

दुकानात दोन दिवस लावून मी ते जोडलं. चाचणीसाठी चालू केलं आणि दहा मिनिटं स्वतः खेळले. काय चालत होतं ते! लोण्यातून सुरी. सोमनाथ शेजारी उभा राहून "हे लाल दिवे निळे व्हतील का?" विचारत होता. सात वर्षं मी जे मागितलं, त्याच्याकडे बघून हा दिव्यांचा रंग विचारतो. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. मत्सर हा शब्द पुस्तकी वाटतो. जळत होते मी. लहान भावावर, धाकट्यावर, जो मला ताई म्हणतो त्याच्यावर.

रविवारी मशीन घोडेगावला नेलं. बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं होतं, मामीने त्यावर नवं कापड अंथरलं होतं, हळदकुंकवाची तयारी होती. मी मागे वाकून वायरी लावायला लागले. पडद्याची वायर ग्राफिक कार्डात लावायची असते. ते खाली असतं. पण मशीनच्या मागे वरच्या बाजूला तशाच आकाराची आणखी एक खाच असते, साध्या मशीनची. वायर तिथे लावली तरी चित्र दिसतं. सगळं चालू आहे असंच वाटतं. फक्त ते महागडं कार्ड नुसतं बसून राहतं आणि खेळ रखडत, अडखळत चालतो.

मी वायर वर लावली.

कित्येक दिवस मी स्वतःला सांगत आले की हात सवयीने गेला. साध्या मशीनला वायर वरच लावतात, नऊ वर्षांची सवय, चुकून गेला असेल. पण मग टोप्यांचं काय? नव्या ग्राफिक कार्डाच्या खाचांवर काळ्या प्लॅस्टिकच्या छोट्या टोप्या असतात. दुकानात चाचणीच्या वेळी मी त्या काढल्या होत्या आणि पर्समध्ये टाकल्या होत्या. त्या दिवशी, टेबलामागे वाकलेली असताना, मी पर्स उघडली आणि तिन्ही टोप्या एकेक करून परत बसवल्या. सवयीने पर्स उघडते का कुणी?

आणि एवढ्यावरही मला सुटका होती. कारण मामा मागे आला. म्हैस घेताना तो आधी मागून बघतो, मग पुढे येतो. मशीनही त्याने मागूनच बघितलं. खाली बसला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "पोरी, सगळ्यात महागाची वस्तू ती खालची ना? मग तिच्या भोकाला टोप्या कशापायी? आन् वायर वर का खोचली?"

अख्ख्या जिल्ह्यात एवढा बरोबर प्रश्न कुणी विचारला नसता. मी म्हणाले, "धूळ जाऊ नये म्हणून असतात, मामा. वायर वरच असते."

"व्हय का," म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकत उठला. पुन्हा विचारलं नाही. मी पारखलं म्हणजे त्याने पारखलं.

मग सोमनाथचे फोन सुरू झाले. ताई, खेळ अडकतोय. ताई, समोरचा दिसायच्या आत मी मेलेलो असतो. मी म्हणायचे, मोबाईलवरून आला आहेस, मोठ्या मशीनवर हात बसायला वेळ लागतो. त्याने कधी मोठं मशीन चालवलंच नव्हतं, आणि दुकानातल्या त्या दहा मिनिटांत त्याचं लक्ष दिव्यांकडेच होतं, त्यामुळे चांगलं कसं चालतं ते त्याला कळणार कुठून? दिवसाचे दहा-दहा तास बसायचा, मामी सांगायची. एक वाक्य बोलायचं होतं मला : वायर खाली लाव. दर फोनला वाटायचं, आज सांगू. आणि दर फोन ठेवल्यावर — हे लिहिताना लाज वाटते — थोडं बरं वाटायचं.

निवडीत तो पहिल्याच फेरीत बाद झाला. पुण्याचे लोक चांगले होते म्हणे, नीट बोलले. त्यानंतर त्याने मशीनला हात लावला नाही. आता मामाबरोबर बाजारात जातो, म्हशी टेम्पोत चढवतो. अजून भितो त्यांना.

दसऱ्याच्या आधी मामा टेम्पोतून ते मशीन माझ्या दारात घेऊन आला. पडून खराब व्हायचं, तुला कळतं त्यातलं, तुझ्याकडे राहू दे. मी पैसे देते म्हणाले तर रागावला. भाचीकडून पैसे घेत नसतात.

मी घेतलं. त्याच संध्याकाळी टोप्या काढल्या, वायर खाली लावली आणि जेवण होईपर्यंत खेळत बसले.

भाऊबीजेला सोमनाथ आला. ओवाळून झालं, त्याने ताटात साडी ठेवली. मग म्हणाला, "ताई, खेळून दाव ना." मी नको नको म्हटलं, पण मुलीने मशीन चालूच करून टाकलं. मी खेळले. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून बघत होता. खेळ संपला तसा तो खाली वाकला, माझा माऊसवरचा हात दोन्ही हातांत धरून उलटासुलटा करून बघितला आणि हसला.

"मशीन तेच हाय," तो म्हणाला. "हात लागतो, ताई. माझ्यात न्हवताच तो."

मी त्याला बासुंदी वाढली.