घरीच तर आहे

कंपनीच्या वेबसाइटवर एक पान आहे. तिथं प्रत्येकाची ओळख असते. हसरा फोटो, शिक्षण, आजवरचा प्रवास आणि शेवटी एखादा छंद. माझा छंद ट्रेकिंग असल्याचं तिथं लिहिलंय. मी ती जागा रिकामी सोडली होती, म्हणून पुण्यातल्या एचआरच्या मुलीनं ते परस्पर भरून टाकलं. आमच्याकडे चढायला शेताचा धुरा, म्हणजे बांध आहे, तो मी रोज चढते. प्रवासाच्या चार ओळी मात्र खऱ्या आहेत. मी कुठं आपटले ते तेवढं त्यात नाही.

तर खरी ओळख अशी. वाशिम जिल्ह्यात कारंज्याहून धनजकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं वावर आणि वावरातच घर. मेथी, पालक, सांबार. पुण्यात भाजीवाल्याकडे सांबार मागितला तर तो किराणा दुकान दाखवतो, कारण तिथं त्याला कोथिंबीर म्हणतात. दुपारी भाजी काढायची, उन्हं कलली की जुड्या बांधायच्या, आणि पहाटे बाबा ती कारंज्याच्या बाजारात नेणार. मी शाळेत असल्यापासून हाच क्रम आहे.

अमरावतीला इंजिनिअरिंग केलं. तिथं शेवटच्या वर्षाला आम्हाला स्वतःची ओळख इंग्रजीत पाठ करायला लावली होती. मी पटकन शिकते, मी सगळ्यांत मिसळते, माझा दोष काय तर मी फार कष्ट करते. पुण्यात पहिल्या मुलाखतीला मी हे पोपटासारखं म्हणून दाखवलं. साहेबांनी विचारलं, वाशिम कुठं आलं? मी अकोल्याचं नाव घेतलं, त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग मी नागपूर म्हणाले, तेव्हा त्यांनी मान हलवली. गाव सांगायचं म्हणजे ज्यांना आपलं गाव माहीत नाही त्यांच्या सोयीनं सांगायचं, हे मी त्या दिवशी शिकले. पटकन शिकते हे खोटं नव्हतंच.

पहिली काही वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात गेली. ते काम मुलींना जमतं, त्या बारीक बघतात, असं आमचा मॅनेजर म्हणायचा आणि प्रोग्रॅम लिहायला मुलांना बसवायचा. सुट्टीच्या दिवशी घासून शिकले, भांडून जागा बदलून घेतली आणि डेव्हलपर झाले. मग महामारी आली. कंपनीनं अर्धं ऑफिस सोडून दिलं आणि आम्हाला सांगितलं, कुठूनही करा. मी घरी आले.

आणि तिथंच माझं काम संपलं. म्हणजे मी करत होतेच, पण ते कुणाला दिसायचं बंद झालं. लॅपटॉपवर डोकं फुटेस्तोवर एखादी गुंतागुंत सोडवत असावं आणि आईनं मेथीचा ढीग आणून समोर ओतावा. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून मी किती जुड्या बांधल्या असतील, देव जाणे. गॅसवाला आला, लाईनवाला मीटर बघायला आला, कुणाचं बारसं निघालं, सगळ्यांचं उत्तर एकच. "ते हाये ना, घरीच तर हाये." पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते भाजीवाल्याच्या घरात राहून मला नीट कळलं.

तरी मला एक गोष्ट हवी होती. मला टीमची लीड व्हायचं होतं. लंडनच्या एका दवाखान्याचं अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर आम्ही करत होतो. त्यातला सगळ्यात अवघड भाग, एकाच डॉक्टरची एकच वेळ दोन पेशंटना जाणार नाही हे बघणारा, पूर्ण माझा होता. मॅनेजर म्हणाला, पुढच्या टप्प्याला लीड कोण हे क्लायंट स्वतः बोलून ठरवणार आहे. आधी तुझी ओळख करून दे, मग तुझं काम दाखव. माझ्यानंतर टीममध्ये आलेला एक मुलगा तयार ठेवला होता, नेट गेलंच तर असावा म्हणून.

मी आदल्या दिवशी घरी सांगितलं की उद्या दुपारी माझी मोठी मीटिंग आहे, मला कुणी हाक मारू नका. बाबा म्हणाले, "उद्याच अनसिंगचे पाहुणे येऊन राह्यले तुले पाह्याले."

"बाबा, परवा बोलवा त्यायले."

"काहून? तू घरीच तर हायेस."

पाहुणे संध्याकाळी येणार असं ठरलं, म्हणून मी गप्प बसले. पण त्यांचं कारंज्यातलं काम लवकर उरकलं आणि ते दुपारीच दारात उभे राहिले. मी आतल्या खोलीत कडी लावून नुकतीच सुरुवात केली होती. पडद्यावर लंडनची बाई होती, केस पांढरे, चेहरा मायाळू. मी माझं शिक्षण सांगितलं, आणि या वेळी वाशिमच सांगितलं, नागपूर नाही. तिनं वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात पाहुण्यांसाठी आलेल्या आत्यानं कडी वाजवली.

"चाल लवकर, पाहुणे बसून राह्यले."

आवाज बंद करून मी म्हणाले, थोडं थांबा. ती गेली आणि बाबा आले. ते रागावले असते तर मी ऐकलं नसतं. ते दाराला तोंड लावून हळू म्हणाले, "पाहुन्यायसमोर माही मान खाली नको घालू, माय."

मी बाईची माफी मागितली, लगेच येते म्हणाले आणि ओढणी नीट करून पोह्यांचा ट्रे उचलला. बाहेर पुन्हा तेच. स्वतःबद्दल सांग. मी सांगितलं, मराठीत. मुलगा बँकेत होता, तो पोहे खात होता. त्याच्या आईनं मात्र लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे रोज बाहीर जा लागत नाई?"

आत्याच बोलली, "नाई नाई, घरूनच हाय."

"मंग तं साजरं हाय. सैपाकपानी बी होऊन जाते अन् नोकरी बी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आत परतले तेव्हा मीटिंग संपली होती. मॅनेजरचा निरोप होता, त्या मुलानं सांभाळून घेतलं, क्लायंट खूश आहे. माझाच भाग त्यानं माझ्याच आकृत्यांवरून समजावून दिला होता. दोन दिवसांनी तो लीड झाला. मी विचारलं तर मॅनेजर फार प्रेमानं म्हणाला, तुझ्यामागे घरचं बरंच दिसतं, तुझ्यावर आणखी ओझं नको. अजूनही तो मुलगा अडला की मला फोन करतो, आणि मी सांगते. न सांगून करते काय?

अनसिंगहून होकार आला. मी नाही म्हणाले. बाबांना काही केल्या समजेना. "काहून नाई? ते तं नोकरी बी करू देऊन राह्यले."

मला इतका संताप आला की मी रडले, आणि रडले म्हणून सगळ्यांना वाटलं की मुलगा आवडला नसेल.

त्यानंतर मी कारंज्यात बियाण्यांच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेतली. टेबल, खुर्ची, पंखा. सकाळी डबा घेऊन स्कूटीवर जाते, संध्याकाळी येते. लॅपटॉप तोच, काम तेच, नेट घरच्यापेक्षा वाईट. पण गावात बातमी झाली की पोरीला कारंज्यात नोकरी लागली. बाबा बाजारात सांगतात, "ऑफिसात जाते." मला कुणी हाक मारत नाही. गॅसवाल्यासाठी आता आई थांबते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आले तर आई ओट्यावर मेथी घेऊन बसली होती. मला बघून उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"घे. थकली असशीन दिवसभर. तू बस, जुड्या मी बांधतो."

इतकी वर्षं याच घरात राबले तेव्हा ती असं कधी म्हणाली नव्हती. मी बसले आणि पाणी प्यायले. ती सकाळपासून वावरात होती, मग चुलीपाशी, मग पुन्हा वावरात. रिकामा तांब्या माझ्या हातातून घेऊन तिनं बाजूला ठेवला आणि परत मेथी ओढली. तिला कुणी पाणी आणून दिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. ती घरीच तर असते.